चिंचोके आणि खडे

आजोबांच्या धोतराच्या सोग्याला कायम एक गाठ असे. मला वाटायचं, त्यात पैसे आहेत. एका दुपारी ते ओटीवर घोरत पडले होते, तेव्हा मी ती गाठ हळूच सोडली. आतून तीन चिंचोके आणि एक खडा निघाला. खडा तिथेच टाकला आणि चिंचोके घेऊन खेळायला पळाले. उठल्यावर आजोबांनी घर डोक्यावर घेतलं. आजी भाकरी थापता थापता म्हणाली, “पोरीनं तीन पोरं हरवली आणि म्हातारी तेवढी ठेवली.”

हे कोडं सुटायला मला बरीच वर्षं लागली. चिंचोका म्हणजे जन्म, खडा म्हणजे मरण. आजोबा गावचे कोतवाल. सुरुवातीला नुसते पाटलाचा माणूस, पगारी कोतवालाची जागा पुढे झाली. लिहिता-वाचता येत नव्हतं. पाड्यापाड्यांवर फिरायचं, कुणाकडे मूल झालं, कुणाकडे माणूस गेलं ते ऐकायचं, गाठीत टाकायचं आणि पाटलाच्या ओटीवर बसून एकेक काढत सांगायचं: “हा नदीकडच्या घरचा, मुलगा. ही डोंगराखालची, मुलगी. हा खडा त्या खोकणाऱ्या म्हाताऱ्याचा.” कोणता चिंचोका कोणत्या घरचा, हे त्यांना कसं आठवायचं ते देव जाणे. पाटील लिहून घ्यायचा. ते बाड म्हणजे गाव नमुना चौदा, जन्ममृत्यूचं रजिस्टर. आज त्यालाच सगळे कोतवाल बुक म्हणतात. त्यातलं एक अक्षरसुद्धा आजोबांच्या हातचं नाही.

मी गाठ सोडली तेव्हा नोंदीचं काम ग्रामसेवकाकडे जाऊन पाच-सहा वर्षं झाली होती. सरकारला चिंचोक्यांची गरज उरली नव्हती. आजोबांची सवय मात्र गेली नव्हती.

आमचं गाव बोईसर स्टेशनच्या पूर्वेला, सूर्या नदीच्या अंगाला. गाव म्हणजे मध्ये गावठाण आणि भोवती आठ पाडे. पाडा म्हणजे काय, हे मुंबईच्या पाहुण्यांना दर वेळी समजावून सांगावं लागतं. दहा-वीस, फार तर चाळीस घरं. कारवीच्या कुडाच्या, शेणामातीनं लिंपलेल्या भिंती, एका घराची हाक दुसऱ्याला जाईल एवढं अंतर, आणि पाडा नि गावठाण यांच्यामध्ये खाचरं किंवा ओढा. नाव कधी झाडावरून, कधी उतारावरून, कधी तिथल्या कुळावरून. सरकारी कागदावर गाव एकच. पत्रावर गावाचं नाव असलं की पत्र गावठाणात येऊन पडे. तिथून पुढे पाड्यापर्यंत न्यायला आजोबांचे पाय.

आजोबांचे आजोबा कचेरीला जायचे ते माहीमला, म्हणजे केळवे-माहीमला. तालुक्याचं नावच तेव्हा माहीम होतं. भाकरी बांधून रात्री निघायचं, उजाडता पोचायचं, साहेब फिरतीवर असला तर देवळात झोपायचं. १८६० च्या दशकात बीबीसीआयची रेल्वे झाली. ती किनाऱ्यावरची भरलेली गावं सोडून आतल्या बाजूनं गेली आणि पालघर हे स्टेशनाचं गाव वाढत गेलं. पुढे कचेरी रुळाकडे आली, तालुक्याचं नावही पालघर झालं. माहीमच्या म्हाताऱ्यांना याचं दुःख असे. आमच्याकडच्यांना आनंद, कारण चार-पाच तासांची पायपीट वाचली.

त्या कचेरीवर आजोबा पहिल्यांदा गेले ते ती ताब्यात घ्यायला. १४ ऑगस्ट १९४२. वय सतरा. गावोगावची माणसं पालघरच्या कचेरीवर चालून गेली आणि पोलिसांनी गोळ्या झाडल्या. पाच जण गेले. सातपाटीचे काशिनाथ हरी पागधरे, नांदगावचे गोविंद गणेश ठाकूर, मुरब्याचे रामचंद्र महादेव चुरी, पालघरचे रामप्रसाद भीमाशंकर तिवारी आणि आमच्या बोईसरजवळच्या सालवडचे सुकुर गोविंद मोरे. पालघरच्या हुतात्मा चौकाला लोक पाचबत्ती म्हणतात, ते या पाच जणांमुळे. आजोबा या दिवसाची फुशारकी कधी मारत नसत. “मी मागे होतो. आवाज झाला तसा चिखलातून पळालो. टोपी तिथंच राहिली.” सहा-सात वर्षांनी ते त्याच कचेरीचं टपाल घेऊन गावात येऊ लागले. “कचेरी घ्यायला गेलो, तर कचेरीनंच मला घेतलं,” हा त्यांचा आवडता विनोद. सांगताना ते स्वतः हसत नसत.

पाड्यांवर मात्र कचेरीचा माणूस म्हणजे संकट. ज्या डोशाची गोष्ट मी पुढे सांगणार आहे, (वारली माणसं म्हाताऱ्याला डोसा म्हणतात) त्यानं मला त्याच्या बापाकडून ऐकलेलं सांगितलं होतं. साहेबाचा तंबू पडला की पाड्यावरची माणसं सामान वाहायला धरून नेत. मजुरी नाही, ती वेठ. जमीनदाराकडे तर वेठ रोजचीच. लग्नासाठी शेटकडून पैसे घेतले की नवरा-बायको दोघंही त्याच्या घरी राबायला लागत, त्यांना लग्नगडी म्हणत. फिटता फिटता आयुष्य संपे, आणि कर्ज पोराच्या नावावर चढे. मे १९४५ मध्ये तलासरीकडे झरी गावात वारल्यांची परिषद भरली, गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या पुढाकारानं वेठ आणि लग्नगडीची चाल मोडायची शपथ झाली, त्याची खबर पाड्यापाड्यानं आमच्यापर्यंत आली. डोशाचा बाप म्हणायचा, “शेटच्या वहीत आमचं नाव तीन पिढ्या व्हतं. पुसायला कोण नव्हतं.”

म्हणून कागद हातात घेऊन कुणी पाड्याकडे येताना दिसला की घरं रिकामी होत. बायका पोरांना घेऊन कारवीत शिरत. चिंचोक्यांचं खरं कारण हे. आजोबांना लिहिता येत नव्हतं हे खरंच, पण बरोबर लिहिणारा नेता आला असता. त्यांनी नेला नाही. चिंचोक्याला कोण भिणार? पाड्यावर बसायचं, ताडी घ्यायची, पोराच्या गालाला हात लावायचा आणि उठताना एक चिंचोका गाठीत टाकायचा. पाड्यांवर त्यांचं नावच चिंचोकेवाला पडलं होतं.

पण पावसाळ्यात हे सगळं बंद. मृगाचा पाऊस लागला की ओढा भरे आणि दिवाळीपर्यंत पलीकडचे तीन पाडे तुटत. आजोबा त्याबद्दल एक वाक्य बोलायचे, ते मला तेव्हा नीट कळलं नव्हतं. “पावसातलं पोर दिवाळीपर्यंत टिकलं तर चिंचोका. नाय टिकलं तर चिंचोका नाय, खडा पण नाय.”

इथे थोडं आडवाटेला जाते. १९५५ मध्ये आमच्या इथून फार लांब नसलेल्या चिंचणीला जुने ताम्रपट सापडले. त्यातला एक शके ८४८ चा, म्हणजे इ.स. ९२६ चा, राष्ट्रकूट राजा तिसऱ्या इंद्राच्या काळातला. तेव्हा संजाणच्या मुलखाचा कारभार मधुमती नावाच्या एका ताजिकाकडे, म्हणजे अरबाकडे होता. मधुमती हे महंमदचंच संस्कृत रूप, असं अभ्यासक मानतात. या अधिकाऱ्यानं काय काय केलं, ते त्या पत्र्यावर कोरलं आहे. दोन नद्यांवर लोकांसाठी फुकट तर ठेवली, आणि संजाणला अन्नछत्र घातलं, तिथे साळीचा भात, कालवण आणि तूप मिळे. राजाच्या पराक्रमाच्या ओळी वाचून माणूस पेंगतो, पण या तुपापाशी मी थांबले. हजार वर्षांपूर्वी या किनाऱ्यावर नदी ओलांडायला फुकट होडी होती, आणि १९४९ साली आमच्या गावच्या ओढ्यावर साधा साकव नव्हता. कारभार काळाबरोबर आपोआप पुढे जातो, असं मानणाऱ्यांना मी हा ताम्रपट सांगते.

स्वातंत्र्यानंतर गावात एकेक माणूस वाढत गेला. १९५८ चा ग्रामपंचायत कायदा झाला, १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या, आणि सायकलवरून ग्रामसेवक येऊ लागला. आजोबांना तो आवडला नाही. “पँट घालून ओढा कसा वलांडणार?” जन्ममृत्यूच्या नोंदणीचा १९६९ चा कायदा लागू झाला आणि नोंदणारा ग्रामसेवक झाला. मी १९७० ची. म्हणजे घरातली पहिली, जिचा जन्म पँटवाल्यानं लिहिला. आजोबांनी तरी एक चिंचोका टाकलाच होता, आणि मी हरवलेल्या तिघांत तोही होता, असं आजी पुढे म्हणे. आजी असं बरंच काही म्हणत असे.

माझ्या जन्माच्या आदल्याच वर्षी, ऑक्टोबर १९६९ मध्ये, तारापूरचं अणुवीज केंद्र सुरू झालं. देशातलं पहिलं. शाळेत बाई अभिमानानं सांगायच्या. घरी येऊन मी तो धडा कंदिलाच्या उजेडात पाठ करायची, कारण आमच्या आळीत विजेचा खांब त्यानंतर कित्येक वर्षांनी आला, आणि पाड्यांवर आणखी कितीतरी नंतर. मोठ्या तारा डोक्यावरून जात. आजोबा वर बघून म्हणत, “ही मुंबईची.” पुढे तिसरं आणि चौथं युनिट झालं, तेव्हा पोफरण आणि अक्करपट्टी ही दोन गावंच्या गावं उठली. पुनर्वसनात रस्ते सरळ मिळाले, पण समुद्राच्या कडेला वाढलेल्या माणसाला सरळ रस्त्याचं काय करायचं ते लवकर सुचत नाही.

मग एमआयडीसी. बाबा एका कारखान्यात हेल्पर म्हणून लागले आणि आम्ही बोईसरला चाळीत राहायला आलो. रंगांचे, औषधांचे, कापडाचे, पोलादाचे कारखाने. उत्तरेकडून आलेली माणसं, तिन्ही पाळ्यांचे भोंगे, संध्याकाळी स्टेशनबाहेर पाय ठेवायला जागा नाही, आणि या सगळ्याचा कारभार ग्रामपंचायतीकडे. एवढ्या मोठ्या औद्योगिक गावात घरपट्टीच्या पावतीवर सही सरपंचाची. नगरपरिषदेची मागणी मी शाळेत असल्यापासून ऐकत आले आहे. गंमत अशी की पाच मैलांवरच्या पाड्यालाही तोच कायदा, तोच नमुना, तीच ग्रामसभा. एका बाजूला ग्रामपंचायत अंगाला तोकडी, दुसऱ्या बाजूला तीच इतकी ढगळ की पाडा आत सापडत नाही.

मी डी.एड. करून १९९२ मध्ये जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले, तीही पाड्यावरच्या. आम्हाला शिकवताना ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची नावं परीक्षेपुरती असत. १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला त्यांनी काय केलं, ते मला नोकरी लागल्यावर कळलं. बालवाडीत आदिवासी मुलं येईनात, तेव्हा बाईंनी मुलांना बोलावणं सोडलं आणि बालवाडीच पाड्यावर नेली. घराच्या अंगणात भरली ती अंगणवाडी. मोठी मुलं गुरं राखायला जात, तर त्यांच्यासाठी कुरणात शाळा. अंगणवाडी हा शब्द पुढे देशभर गेला, दिल्लीच्या फायलींत गेला. तो निघाला आमच्या जिल्ह्यातल्या शेणानं सारवलेल्या अंगणातून. या दोघींच्या कामात मला आजोबांच्या गाठीचीच रीत दिसते. कागद घेऊन हाक मारायची नाही, आपण उठून जायचं.

तेव्हा आमचा जिल्हा म्हणजे ठाणे. सेवापुस्तकातली एक चूक दुरुस्त करायला मी ठाण्याला चार वेळा गेले. पहाटेची शटल धरायची, विरारला उतरून लोकल, वसईहून एसटी. खिडकीवर पोचेपर्यंत साहेब बैठकीला गेलेले. “सोमवारी या.” मी पगारी, म्हणून रजा टाकून जाऊ शकत होते. मोखाड्याच्या माणसाचं काय होत असेल? एक दिवस जायचा, एक यायचा, दोन दिवसांची मजुरी बुडालेली, वर मुक्कामाचा खर्च. आमच्या भाषेत याला हेलपाटा म्हणतात. सरकार लांब की जवळ, हे मैलांवर ठरत नाही, हेलपाट्यांवर ठरतं, हे मला त्या चार सोमवारांनी शिकवलं. तेव्हापासून कुठलीही नवी योजना आली की मी एवढंच विचारते: यातून किती हेलपाटे वाचले, आणि नवे किती निघाले?

१ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला, राज्यातला छत्तिसावा. त्या दिवशी आम्ही शाळेत पेढे वाटले. सुरुवातीची काही वर्षं कार्यालयं पालघरभर विखुरलेली होती. एक इकडे, एक तिकडे, नवख्यानं रिक्षावाल्यालाच विचारायचं. २०२१ च्या ऑगस्टमध्ये बोईसर रस्त्यावर कोळगावला जिल्हा मुख्यालय झालं. लांबून राजवाडा वाटावा अशी इमारत. ठाण्याचा हेलपाटा कायमचा संपला, हे काही थोडं नाही. ज्यांनी तो घातलेला नाही, तेच त्याला किरकोळ समजतील.

त्याच २०१४ मध्ये पेसाचे नियम आले. पंचायत कायदा अनुसूचित क्षेत्राला लागू करणारा केंद्राचा कायदा १९९६ चा, पण महाराष्ट्राचे नियम अठरा वर्षांनी. त्यात मला सगळ्यात मोलाची वाटलेली गोष्ट अशी की पाड्यानं ठराव करून मागितलं तर पाडा स्वतःच गाव ठरू शकतो. त्याची ग्रामसभा वेगळी, जंगलावर, पाण्यावर, गौण खनिजावर तिचं म्हणणं वेगळं. पालघर तालुक्यात सगळीच गावं अनुसूचित क्षेत्रात नाहीत, पण माझ्या शाळेचा पाडा होता. गावठाणातल्या ग्रामसभेत पाड्याची माणसं मागे, दाराशी उकिडवी बसत. आपल्या पाड्यावरच्या पहिल्या ग्रामसभेत ती चिंचेखाली मांडी घालून बसली, एवढा फरक मी डोळ्यांनी पाहिला. ठराव लिहायला मात्र मलाच बोलावलं. डोसा म्हणाला, “पाडा गाव झाला बाई, पण एसटी काय गावाला आली नाय.”

आणि मग मशीन आली. सातबारा २०१८ पासून डिजिटल सहीचा, घरबसल्या. दाखल्यांसाठी ‘आपले सरकार’चं केंद्र, आणि २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानं मुदत ठरलेली. गावठाणावर ड्रोन उडाला, घराच्या जागेची सनद मिळणार म्हणून. मी या सगळ्याच्या विरोधात नाही. सातबाऱ्यासाठी तलाठ्याची वाट बघत सजाच्या ओट्यावर बसलेले बाबा मला आठवतात. तो हेलपाटा गेला, बरं झालं. पण रेशनच्या दुकानात पॉस मशीनवर अंगठा ठेवावा लागतो. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाऊन माती थापणाऱ्या, पावसाळ्यात आवणी करणाऱ्या बाईच्या अंगठ्यावर रेषा उरत नाहीत. मशीन म्हणतं, ही ती नव्हे. दुकानदार तिला लहानपणापासून ओळखतो, तो म्हणतो, हीच ती. आजोबांच्या काळी त्याच्या म्हणण्याला वजन होतं. कधी अंगठा लागतो तर नेट नसतं, मग मशीन घेऊन दुकानदार टेकाडावर आणि त्याच्यामागे पिशव्या घेतलेली रांग, हे दृश्य मी पाहिलेलं आहे. रोजगार हमीच्या कामावर मजुरांचे फोटो ॲपवर चढवायचे, तर मुकादम रेंज शोधत फिरायचा आणि मजूर त्याची वाट बघत.

नावंही बदलली. तलाठी आता ग्राम महसूल अधिकारी, ग्रामसेवक ग्रामपंचायत अधिकारी, कोतवाल महसूल सेवक. आजोबा असते तर म्हणाले असते, पगार किती वाढला ते सांग.

कोतवालकीचा थोडा वारसा माझ्याकडेही आला. मास्तर-बाईंना शिकवणं सोडून बाकी सगळं करावं लागतं: मतदार यादी, जनगणना, गुरांची मोजणी. पाड्यावर नाव दाखल करायला पोरं आणली की मी विचारायची, जन्म कधीचा? आई सांगायची, “नाचणी कापत होतो तवा,” किंवा “मोठा पूर आला त्याच्या दुसऱ्या साली.” रजिस्टरात तारखेचा रकाना मोकळा सोडता येत नाही. मग आम्ही सगळे शिक्षक करत तेच मीही केलं. जूनमध्ये शाळा सुरू होते, सहा वर्षं पूर्ण भरली पाहिजेत, म्हणून १ जून. माझ्या पहिल्या वर्गातली निम्मी पोरं १ जूनची. महाराष्ट्रात एवढी माणसं १ जूनला का जन्मली, याचं उत्तर आम्हा शिक्षकांकडे आहे.

आता डोशाची गोष्ट. त्याची नात बारावी झाली, तिला नर्सिंगला जायचं होतं. जातीचा दाखला, मग व्हॅलिडिटी. अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० च्या आधीपासून घराणं इथलंच आणि जमात तीच, याचा पुरावा लागतो. ज्यांच्या नावानं जमीन नव्हती, ज्यांच्यात कुणी शाळेत गेलं नव्हतं, जे कागद बघून कारवीत शिरत होते, त्यांनी १९५० च्या आधीचा कागद आणायचा. नातीचा बाप माझा पहिल्या वर्गातला विद्यार्थी. मोबाइलवर सगळे कागद दाखवत म्हणाला, “बाई, हिचा जन्माचा दाखला आहे, वेळेसकट. माझी शाळेची नोंद आहे. बाबाचं काहीच नाही.” त्याच्या नोंदीवर १ जून होतं. अक्षर माझं.

मी म्हटलं, कोतवाल बुक बघू.

तालुक्याच्या एका अभिलेख कक्षात तीन हेलपाटे घातले. पहिल्यांदा किल्लीवाला रजेवर. दुसऱ्यांदा अर्जावर तिकीट कमी. तिसऱ्यांदा आत सोडलं. लाल कापडात बांधलेले रुमाल, उघडले की कागदाचा चुरा मांडीवर. पाटलानं लिहिलं होतं मोडीत, आणि मला मोडी येत नाही. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायची मोहीम निघाली, तेव्हापासून मोडी वाचणाऱ्यांना मोठी मागणी आली, त्यातलाच एक तरुण तिथे बसला होता. भला मुलगा. १९४९ ची पानं काढ म्हटलं. डोसा पावसाळ्यातला, हे त्याच्या आईनं सांगितलेलं. मुलानं जून ते ऑक्टोबर बघितलं. गावठाणातले जन्म होते, ओढ्याअलीकडच्या पाड्यांचे होते. डोशाच्या पाड्याचा एकही नाही.

मी उठणारच होते, तेवढ्यात तो नोव्हेंबरच्या पानावर हसू लागला. “मॅडम, ह्या पाड्यावर एकाच तारखेला सात जन्म? तेव्हा तिथे दवाखाना होता की काय?”

बापाचं नाव, जात वारली, मुलगा. बापाचं नाव, जात वारली, मुलगी. अशा सात ओळी एकाखाली एक, तीच तारीख, बाळाचं नाव कुठेच नाही. पाचव्या ओळीत डोशाच्या बापाचं नाव, मुलगा.

त्या मुलाला मी काही सांगितलं नाही. सांगायला घेतलं असतं तर फार लांबलं असतं. ओढ्याचं पाणी उतरलं, दिवाळी झाली, चोवीस वर्षांचा पाटलाचा पोऱ्या पलीकडे गेला आणि पावसाळाभरची पोरं एका गाठीत बांधून आणली. पाटलानं ज्या दिवशी ऐकलं, त्या दिवसाची तारीख टाकली. मी नकलेचा अर्ज भरला. मोबाइलवर त्या तारखेचा वार काढून पाहिला, सोमवार निघाला.

डोसा बाहेर आंब्याखाली बसला होता, सोबत नात. मी जे लिहिलं होतं ते वाचून दाखवलं. तो बोटं मोडत मोजायला लागला. सात जण कोण कोण, ते त्यानं बरोबर सांगितलं. चार गेले, एक भिवंडीकडे, एक बाई डहाणूला दिलेली, एक तो. मग म्हणाला, “सोमवार? मी तं शुक्रवारचा.” त्याचं नावच शुक्रवारावरून पडलेलं आहे. वारल्यांत वारावरून नाव ठेवायची चाल, त्यामुळे जन्माचा वार कधी हरवत नाही. नात हसली. “बुकात खोटं हाय म्हणजे,” तो म्हणाला, आणि त्याला ते मनापासून आवडलेलं दिसलं.

“तुझा आजा, चिंचोकेवाला, त्यानंच सांगलं ना हे?”

“हो बाबा.”

“चिंचोके सात. खडे किती होते त्या सालचे?”

मी जन्माचीच पानं मागितली होती. मरणाचं रजिस्टर शेजारीच होतं, त्याला हात लावला नव्हता. परत आत गेले तर खिडकी लागली होती, जेवणाची सुट्टी. दोन वाजता उघडणार. बाहेर येऊन डोशाला म्हटलं, उशीर होईल, शेवटची गाडी चुकेल, पुन्हा कधीतरी येऊ.

“बस,” तो म्हणाला. “थांबू.”